लाईट गेली नव्हती

मोहिते मॅडम ऑफिसात आल्या की आधी माझ्या टेबलापाशी यायच्या. खांद्याची पर्स खांद्यालाच, हातात डबा, आणि विचारायच्या, "आज कोण कुरकुरतंय?"

मी कंपनीत फोन घ्यायचे. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका काजूच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंटची नोंद, रक्ताचे रिपोर्ट, औषधं, बिलं, सगळं त्यात. कुठल्याही हॉस्पिटलात काही अडलं की पहिला फोन मला, आणि बहुतेक फोनांत एकच शब्द असायचा : स्लो.

हा शब्द मॅडमना अजिबात चालायचा नाही. "स्लो म्हणजे काय गो? चहा थंड होतो इतकं स्लो, की नुसता जीव चिडतो इतकं?" मग मला पुन्हा फोन लावायला लागायचा. कुठल्या स्क्रीनवर, कोणाला, कधीपासून, काल-परवा काही बदललं का. एवढं विचारून झाल्याशिवाय त्या कीबोर्डला हात लावायच्या नाहीत. पलीकडची माणसं वैतागायची. मीही वैतागायचे, पण महिनाभरात माझ्या लक्षात आलं की अर्ध्या तक्रारी या प्रश्नांतच सुटतात.

सुनंदा मोहिते हे त्यांचं नाव. वडील लांज्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर. त्या स्वतः मुंबईत एका बँकेच्या डेटाबेस विभागात बरीच वर्षं होत्या. आई आजारी पडली म्हणून सगळं सोडून रत्नागिरीत मांडवीला येऊन राहिल्या आणि आमच्या छोट्या कंपनीत लागल्या. त्यांच्या तोलाचं काम आमच्याकडे नव्हतं. पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायच्या त्या दुसऱ्यांच्या चुका, आणि त्या ऐकताना माणूस घामाघूम व्हायचा.

सुरुवातीलाच एका प्रसूतिगृहाची तक्रार आली होती. पेशंटचं नाव शोधायला फार वेळ लागतो म्हणे. अक्षय तेव्हा नुकताच इंजिनिअर होऊन आमच्याकडे लागला होता. तो म्हणाला, "मॅडम, डेटाबेसला मेमरी कमी दिलीय. वाढवून टाकू."

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? मशीनमध्ये रॅम रिकामी आहे ना."

मॅडम उठल्या. "चल. तूही चल गो," मला म्हणाल्या. आम्ही तिघं एसटीने त्या प्रसूतिगृहात गेलो. मॅडम नोंदणीच्या खिडकीशेजारी पोटुशा बायकांच्या बाकावर जाऊन बसल्या आणि नुसतं बघत राहिल्या. थोड्या वेळात कळलं ते असं. खिडकीतल्या मुलीला नावाचं इंग्रजी स्पेलिंग जमत नव्हतं, म्हणून ती दर वेळी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पेशंटची यादी उघडायची आणि खाली खाली जात नाव शोधायची. आम्ही परत येऊन मोबाईल नंबरावरून शोधायची सोय केली. तक्रार बंद झाली. मेमरीच्या आकड्याला कोणी हात लावला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला ती मेमरीची भानगड समजावून सांगितली होती. मी बीए झालेली, मला यातलं काही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकाचा ओटा असतो ना, तशी मेमरी. कोठीतून डबा काढायला वेळ लागतो, म्हणून रोज लागणारं ओट्यावर ठेवतो. ओटा मोठा असला तर कामं भराभर होतात. पण त्यातला थोडा ओटा सगळ्यांचा मिळून असतो आणि थोडा ज्याचा त्याला मांडून द्यायचा असतो. एकटीच बाई स्वयंपाक करत असली तर तिला हवा तेवढा दे. पण घरात लग्न असेल आणि येईल तिला तेवढाच द्यायचा म्हटलं, तर?"

"मावणारच नाही."

"म्हणून आधी बघायचं, गर्दीच्या दिवशी किती जणी येतात. मग आकडा ठरवायचा. तोही थोडा थोडा, एका वेळी एकच, आणि जुना किती होता ते लिहून ठेवून."

अक्षय पुढच्या सीटवर होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. पुढे पावसाळ्यात त्याने एका दातांच्या दवाखान्याच्या चालू मशीनवर मेमरी परस्पर वाढवली. बिघडलं काहीच नाही, उलट डॉक्टरांनी फोन करून कौतुक केलं. मॅडमना ते माझ्याकडूनच कळलं.

त्यांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. बैठक नव्हती काही, आम्ही सगळे आपापल्या जागेवर काम करत होतो. "अक्षय, उभा राहा. आधी आकडा किती होता?"

त्याला आठवेना.

"का वाढवलास?"

"नेटवर लिहिलं होतं, रॅमच्या इतका हिस्सा ठेवा म्हणून."

"लिहिणाऱ्याने तुझं मशीन बघितलं होतं?"

कोणीतरी हसलं. मॅडम थांबल्या नाहीत. "चाललं म्हणजे बरोबर झालं असं नसतं. न बघता आकडा वाढवणाऱ्या माणसाच्या हातात मी माझ्या आईचा रिपोर्ट देणार नाही. बस खाली."

तो बसला नाही, बाहेर गेला. मी मागोमाग गेले तर जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता. खालून काजू भाजल्याचा वास येत होता आणि तो म्हणत होता, "मला काय पोरगा समजतात काय?"

दुपारी जेवताना मी मॅडमना म्हटलं, "जरा जास्तच झालं हो." त्या डब्यातली सुकट चपातीत गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "मला कोणी कमी बोललं नाही. बँकेत माझी जात कळली की लोक माझी चूक व्हायची वाट बघत बसायचे. दुसऱ्याची चूक झाली तर कारण शोधायचे. माझी झाली असती तर कारण त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. म्हणून मी कधी चुकलेच नाही. तोही शिकेल." हातातली चपाती मात्र त्यांनी अर्धी टाकून दिली.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहरातलं एक हॉस्पिटल. महिनाअखेरचा एक मोठा रिपोर्ट काढायला तिथे फार वेळ लागायचा आणि संचालक चिडायचे. त्यातच पुण्याची एक कंपनी त्यांना आपलं सॉफ्टवेअर दाखवायला येणार असं कळलं. आमचे मालक सुर्वेसाहेब शुक्रवारी मॅडमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, त्या रिपोर्टचं काय झालं?"

"मेमरी कमी पडतेय. या खेपेला खरंच कमी पडतेय, मी बघितलंय. पण मला एक सोमवार बघायला हवा. सोमवारी ओपीडीला सगळ्यात जास्त गर्दी असते."

"सोमवारी तर पुण्याचे लोक येतायत. तुम्ही बँकेत येवढी वर्षं काढलीत ना? मग एक आकडा बदलायला येवढे दिवस लागतात?"

साहेब हे चढ्या आवाजात बोलले नव्हते, हसत हसत बोलले होते. मॅडमचे कान लाल झालेले मला दिसले.

त्या दिवशी संध्याकाळी ओपीडी संपल्यावर त्यांनी प्रत्येकाच्या वाट्याची मेमरी एकदम कितीतरी पटीने वाढवली आणि रिपोर्ट काढून बघितला. चहा ओतेपर्यंत रिपोर्ट हजर. खरं तर तो मोठा आकडा त्या एका रिपोर्टपुरता ठेवायचा आणि बाकीच्यांना जुनाच ठेवायचा, हे त्यांच्याइतकं आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. पण त्यासाठी प्रोग्रॅममध्ये थोडा बदल करावा लागणार होता, तो तपासावा लागणार होता. आकडा सगळ्यांसाठी तसाच राहिला. साहेबांना त्यांनी फोन केला, "झालं काम." त्या आवाजातला आनंद मला अजून आठवतो. शनिवारी ओपीडी अर्धाच दिवस. काहीच झालं नाही.

सोमवारी सकाळी माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. हॉस्पिटलातल्या नोंदणीच्या सगळ्या खिडक्या अडकल्या होत्या. मग सगळं बंद पडलं. मशीनची मेमरी इतकी भरली की मशीनने स्वतःला वाचवायला डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्रॅमच, मारून टाकला. मॅडमनी पुन्हा चालू केला, तशी थांबलेली सगळी माणसं एकदम बटणं दाबायला लागली आणि तो पुन्हा पडला.

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अक्षय! तू हात लावलास?"

"नाही मॅडम."

"खोटं बोलू नकोस. माझ्यानंतर मेमरीला कोणीतरी हात लावलाय!"

"मॅडम, मी त्या हॉस्पिटलचा पासवर्डसुद्धा तुमच्याकडेच परत दिलाय." अक्षयचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडम पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. तिथे शुक्रवारचा त्यांचाच आकडा होता. मग खाली बसल्या. त्यांनी आकडा पूर्वीइतका केला, डेटाबेस चालू केला, आणि हळूहळू फोन बंद झाले. पुढे कितीतरी वेळ त्यांचे दोन्ही हात कीबोर्डच्या बाजूला टेबलावर पालथे ठेवलेले होते. आमच्यापैकी कोणी तिकडे बघत नव्हतं. त्यांच्याकडे बघायची आम्हालाच लाज वाटत होती.

दुपारी कळलं की तेवढ्या वेळात हॉस्पिटलात एक प्रकार घडला होता. पावसकडच्या एका गावातून आलेल्या एका आजीला ताप होता. तिला एक इंजेक्शन चालत नाही, ही नोंद कॉम्प्युटरवर होती आणि कॉम्प्युटर बंद होता. आजीला त्या औषधाचं नाव ठाऊक नव्हतं. मुलगा खाली गाडी लावायला गेला होता. इंजेक्शन दिलं गेलं. आजीचा चेहरा सुजला, श्वास अडकला. डॉक्टर जवळच होते म्हणून निभावलं, पण तिला आयसीयूत ठेवावं लागलं.

सुर्वेसाहेबांनी आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं. दार लावून म्हणाले, "मी त्यांना सांगितलंय की लाईट गेली होती, आपला यूपीएस बसला. रत्नागिरीत लाईट जाते हे सगळ्यांना माहितेय. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. इंजेक्शन काही आपण दिलं नाही."

आम्ही माना डोलावल्या. सगळ्यांनी.

"लाईट गेली नव्हती," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हे तुमच्यासाठीच करतोय मी."

"माझ्यासाठी नका करू. साहेब, मी न बघता आकडा वाढवला. तुम्ही घाई केलीत, पण वाढवला मी. मला माहीत होतं सोमवारी काय होऊ शकतं. पाहिलं नव्हतं, पण माहीत होतं." मग त्या अक्षयकडे वळल्या. तो दाराला टेकून उभा होता. "आणि मी तुझ्यावर ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले म्हणून सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं. दातांच्या दवाखान्याच्या वेळीही मी बोलले ते तुला शिकवायला नव्हतं. मी किती हुशार आहे ते दाखवायला होतं."

अक्षय म्हणाला, "असू दे मॅडम." ते ऐकून त्यांचा चेहरा आणखीनच उतरला.

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलात निघाल्या. साहेब म्हणाले, जाऊ नका, कंपनी अडचणीत येईल. त्या म्हणाल्या, "मग मला काढून टाका आणि सांगा की काढलं." मला म्हणाल्या, "चलतेस? एकटीने जायला धीर होत नाही." असं त्या कोणाला म्हणतील हे मला कधी वाटलं नव्हतं.

संचालकांच्या खोलीबाहेर मी थांबले होते. त्या बाहेर आल्या तेव्हा ओठ कोरडे पडले होते. मग आम्ही आजीकडे गेलो. तिला तोवर साध्या वॉर्डात हलवलं होतं. डोळे अजून सुजलेले, नाकाला नळी. मुलगा शेजारच्या स्टुलावर. मॅडमनी आपलं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, आणि म्हणाल्या, "काल इथला कॉम्प्युटर बंद पडला तो माझ्यामुळे. म्हणून डॉक्टरांना आजींची नोंद दिसली नाही. माझी चूक आहे."

मुलगा उठून उभा राहिला. "म्हणजे लाईट गेली नव्हती?"

"नाही."

"आणि तुम्ही हे आता सांगताय? माझी आई गेली असती तर कोणाला सांगितलं असतं? फोटोला?" त्याचा आवाज चढला तशी नर्स आली. मॅडम मान खाली घालून उभ्या होत्या. "जावा तुम्ही इथून," तो म्हणाला. "माफी मागून तुम्हाला बरं वाटंल, आमचं काय?"

हा प्रश्न बरोबर होता. मॅडमनाही तो बरोबर वाटला असावा, कारण त्या लगेच वळल्या.

तेवढ्यात आजी बोलली. तिला धड ऐकू गेलं नव्हतं. "काय झाला रे? कॉम्पुटर हिच्या हातून पडला का?"

मॅडम थांबल्या. "हो आजी. माझ्याच हातून पडला."

"फुटला?"

"नाही. लागला मात्र तुम्हाला."

आजीने सुजल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "मग वायच बघून धरायचा ना गो," ती म्हणाली. रागाने नाही, घरातल्या सुनेला सांगावं तशी. मॅडम "हो" म्हणाल्या आणि बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या. मी शेजारी बसले. येणारेजाणारे आम्हाला कोणाचे तरी नातेवाईक समजून बाजूने जात होते.

हॉस्पिटल आमच्याकडेच राहिलं. का राहिलं ते मला माहीत नाही. साहेबांचं म्हणणं, पुण्याचे महाग होते. मॅडमनी हॉस्पिटलकडे एकच हट्ट धरला. ज्याला जे औषध चालत नाही ते त्याच्या कागदी फायलीवरही लाल अक्षरांत लिहायचं आणि मनगटाला पट्टी बांधायची, कॉम्प्युटर चालू असो की बंद. मेमरीचं काम त्यांनी अक्षयच्या हातात दिलं. गर्दीचे सोमवार तो बघत बसला, एका वेळी किती माणसं काय मागतात ते मोजत. मग थोडासा आकडा वाढवला, पुन्हा बघत बसला. मोठा हिस्सा त्या एका रिपोर्टपुरताच ठेवला. मॅडम मागे खुर्ची घेऊन बसायच्या. तो विचारायचा, "वाढवू?" त्या म्हणायच्या, "तू बघितलंयस. तू ठरव."

त्यानंतर नवीन मुलं कामाला लागली की त्यांना शिकवायची वेळ मॅडमवर यायची. त्या पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायच्या. नाव न घेता नव्हे, "मी" म्हणून. न बघता आकडा वाढवला, तो शुक्रवार, अक्षयवर ओरडणं, आजीचा चेहरा, सगळं. मुलं चुळबुळ करायची, वहीत बघायची. कोणीतरी समजुतीने म्हणायचं, "मॅडम, होतं असं कधी." त्या म्हणायच्या, "होत नाही. करतो आपण." मी दर वेळी माझ्या टेबलावरून ऐकायचे आणि दर वेळी मला वाटायचं, आता पुरे करा. पण त्यांचं सांगणं कमी झालं नाही, आणि आवाजही कधी सरावाचा झाला नाही. शेवटच्या खेपेलाही "आजी" या शब्दापाशी त्या अडखळल्याच.

आई गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. पुढे मीही सोडली. मग गाठ पडेनाशी झाली. मांडवीला फिरायला गेले की त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाय रेंगाळायचे, पण आत जाणं झालं नाही.

मागच्या थंडीत सासऱ्यांना घेऊन मी त्याच हॉस्पिटलात गेले होते. सॉफ्टवेअर आता दुसऱ्याच कोणाचं होतं, स्क्रीनचा रंगसुद्धा वेगळा. नोंदणीची रांग दारापर्यंत आली होती. खिडकीतला मुलगा सांगत होता, "सिस्टिम स्लो आहे, जरा थांबा." सासऱ्यांना मी रांगेलगतच्या खुर्चीवर बसवलं, शेवटी उभी राहिले आणि बघते तर रांगेत माझ्यापुढे बऱ्याच अंतरावर मोहिते मॅडम. केस सगळे पांढरे झालेले. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट.

त्यांच्या मागे एक माणूस लहान मुलीला कडेवर घेऊन उभा होता. मुलगी तापाने ग्लानीत होती. तो चिडून मोठ्याने म्हणाला, "कोण गाढवं बसवलीत हे चालवायला? इथं माणसं मरतील!"

मॅडम वळल्या. आता त्या विचारणार, कुठली स्क्रीन, कधीपासून, असं मला वाटलं. त्या माणसाला तरी काय माहीत असणार. पण त्यांनी मान खाली घातली, अगदी त्या वॉर्डात घातली होती तशी, आणि म्हणाल्या, "चुकलं हो. तुम्ही पुढे व्हा."

तो बिचारा गोंधळला. "तुम्हाला नाही बोललो मी, मावशी."

"होय, पण व्हा पुढे," त्या म्हणाल्या आणि त्याला वाट करून देत रांगेच्या अगदी शेवटी, माझ्यामागे यायला निघाल्या. मी पटकन तोंड फिरवून सासऱ्यांच्या मफलरची गाठ सारखी करत राहिले. आपलं ते बोलणं ओळखीच्या कोणीतरी ऐकलं, हे त्यांना कळायला नको होतं.